सरदाराच्या हातातली बत्ती

माजरी जंक्शनहून वणीकडे फाटा फुटतो. आसपास वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, कोळसा खाणी. उघड्या खाणींवर रात्रभर हायमास्ट जळतात. भूमिगत खाणीत मात्र मोक्याच्या जागा सोडल्या तर रस्त्यावर दिवा नाही. ज्याचा उजेड त्याच्या डोक्यावर.

तो मिळतो लॅम्प रूममध्ये. पाळीला उतरताना कामगार आपल्या नंबरची बत्ती घेतो, वर आला की चार्जिंगला लावतो. रॅकवर जागा रिकामी, म्हणजे माणूस अजून खाली. कागदावरच्या हजेरीपेक्षा माझा या रिकाम्या जागेवर जास्त भरवसा.

याच खोलीतली सगळ्यात जुनी रहिवासी म्हणजे पितळी सेफ्टी लॅम्प. १८१२ साली इंग्लंडमधल्या फेलिंग खाणीच्या स्फोटात ९२ जण गेले. तीन वर्षांनी हम्फ्री डेव्हीने ज्योतीभोवती तारेची जाळी बसवली. चौरस इंचात ७८४ छिद्रं. जाळी उष्णता ओढून घेते, त्यामुळे आतली आग बाहेरच्या मिथेन वायूपर्यंत पोचत नाही. पुढे काच आली, दुहेरी जाळी आली, खाली कुणी उघडू नये म्हणून चुंबकाचं कुलूपही आलं.

विजेच्या बत्त्या आल्यावरही ती टिकली, कारण तिचं काम फक्त उजेड देणं नव्हतं. माइनिंग सरदार, म्हणजे खाली सुरक्षा तपासणारा मुकादम, वात अगदी बारीक करायचा आणि बत्ती सावकाश छताकडे न्यायचा. मिथेन हलका, वर साचतो. ज्योतीवर फिकट निळी टोपी चढली की वायू आहे. टोपी उंच, तर प्रमाण जास्त. सव्वा टक्क्याला वीज बंद, माणसं बाहेर. ५ टक्क्यांपासून हवा स्फोटक. जमिनीलगत ज्योत विझली, तर तिथे प्राणवायू कमी.

पण टोपी वाचायला नजर लागते, आणि पाळी संपत आलेली नजर थकलेली असते. शिवाय वर्धा खोऱ्यातला कोळसा आपोआप तापून पेट घेणारा. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड माणूस मारण्याइतका असला तरी ज्योत तो दाखवत नाही. आकडा दाखवणारी यंत्रं आली हे चांगलंच झालं. जुन्याच्या प्रेमापोटी जीव टांगणीला लावण्यात अर्थ नाही.

कंबरेवरची जड ॲसिडची बॅटरी जाऊन लिथियमचा हलका दिवा आला. पितळी बत्ती आता बरेचदा निवृत्तीची भेट म्हणून शोकेसमध्ये दिसते. सजावटीच्या नकलाही बाजारात मिळतात. खरी बत्ती ओळखायची असेल तर पितळेची चमक बघू नये, आतली जाळी बघावी. कामावरच्या बत्तीची एक तार जरी तुटलेली असती, तर लॅम्प रूमवाल्याने ती बत्ती खाली जाऊच दिली नसती.