तळेगावची लाइन आणि डेट्रॉइटचा सर्व्हर

मावळात, तळेगावजवळच्या आंबीवरून नवलाख उंबऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याने मी पहिल्यांदा गेलो तो २००७ चा पावसाळा होता. दोन्ही अंगांना भातखाचरं, लावणी चाललेली, आणि मधेच जनरल मोटर्सच्या कारखान्याचे लोखंडी सांगाडे उभे राहत होते. सप्टेंबर २००८ मध्ये तो कारखाना सुरू झाला. तीस कोटी डॉलरची गुंतवणूक आणि वर्षाला १ लाख ४० हजार गाड्यांची क्षमता. मी त्या कारखान्यात नव्हतो. त्याच पट्ट्यात सुटे भाग बनवणाऱ्या एका युरोपीय समूहाच्या छोट्या कारखान्यात आयटी विभागात होतो. विभाग म्हणजे आम्ही तिघं, एक एसीची खोली आणि त्यात दोन सर्व्हर.

तेव्हापासून एका प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही. कारखाना मावळात, मालक दुसऱ्या खंडात. मग कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं, प्रिंटर कुठला, पासवर्डचे नियम काय, बदल कधी करायचा, हे ठरवायचं कुणी? वरवर हा कारकुनी प्रश्न वाटतो. पण त्याच्या उत्तरावर लाइन चालते किंवा थांबते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

शेजारच्या जनरल मोटर्सचाच इतिहास या प्रश्नाचा आहे. आल्फ्रेड स्लोन १९२३ मध्ये त्या कंपनीचे अध्यक्ष झाले. प्रत्येक विभागाने आपला कारभार स्वतः पाहावा आणि पैशाची व धोरणाची सूत्रं मुख्यालयाने धरावीत, ही त्यांची मांडणी. जगभरच्या व्यवस्थापनशास्त्राने ती पुढे अभ्यासाला घेतली. कॉम्प्युटर आले तेव्हा मात्र कंपनीने वेगळी वाट धरली. १९८४ मध्ये तिने रॉस पेरो यांची ईडीएस ही कंपनी अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली आणि आपलं सगळं कॉम्प्युटरचं काम तिच्या हवाली केलं. १९९६ मध्ये ईडीएस वेगळी झाली. त्याच वर्षी राल्फ झिगेंडा माहिती तंत्रज्ञानाचे प्रमुख झाले आणि त्यांनी आडवी-उभी वीण घातली: काही अधिकारी एकेका कामाचे, म्हणजे उत्पादन, विक्री, आरेखन असे, आणि काही एकेका प्रदेशाचे. प्रत्येक मोठ्या निर्णयावर दोघांचं एकमत व्हावं लागे. काम करणारे हात मात्र जवळजवळ सगळे बाहेरच्या कंपन्यांचे.

फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांनी अब्जावधी डॉलरची नवी कंत्राटं वाटली, त्यात विप्रोही होती. खानदेशातल्या अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तुपाच्या गिरणीपासून सुरू झालेली तीच विप्रो. याच वर्षी तळेगावच्या कारखान्याची घोषणा झाली. म्हणजे मावळात पाया खणला जात होता तेव्हा त्या कंपनीचा आयटीचा कारभार जवळजवळ पूर्णपणे कंत्राटांवर उभा होता.

आणि सहा वर्षांत सगळं उलटं झालं. दिवाळखोरीतून बाहेर आलेल्या कंपनीत २०१२ मध्ये रँडी मॉट आले. नव्वद टक्के काम बाहेर आणि दहा टक्के घरात, हे प्रमाण तीन वर्षांत नेमकं उलटं करायचं, असं त्यांनी जाहीर केलं. २३ डेटा सेंटर होती, ती दोनवर आणायची, आणि ती दोन्ही मिशिगनमध्ये. हजारो नवे लोक भरती झाले. मला मॉट यांचा निर्णय मुळात बरोबर वाटतो. जे काम कंपनीच्या धमन्यांतून वाहतं, ते समजणारी माणसं कंपनीतच हवीत. पण त्यांनी एकाच वेळी दोन गोष्टी केल्या, हे बोलताना आपण विसरतो. काम घरात आणलं, आणि ते मध्यभागी आणलं. घरात आणणं वेगळं, मध्यभागी आणणं वेगळं. पहिल्याने ज्ञान टिकतं. दुसऱ्याने ते लाइनपासून लांब जातं.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या छोट्या कारखान्यात शिकलो.

२००९ च्या जुलैमध्ये आमच्या समूहाने सगळ्या देशांसाठी एकच ईआरपी, म्हणजे कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर, आणलं. त्याला 'टेम्प्लेट' म्हणायचे. शनिवार-रविवारी जुना डेटा नव्यात चढवला, सोमवारी सकाळी सगळं सुरू झालं. दुपारपर्यंत आम्ही खूश होतो. संध्याकाळी प्लेटिंगसाठी भोसरीला जाणारा माल निघायचा होता. जॉबवर्कचा माल बाहेर पाठवायचा म्हणजे चलन लागतं. आमच्याकडे जुनी मंडळी त्याला अजून 'सत्तावन्न एफ चार' म्हणायची, नियमाचा क्रमांक बदलून वर्षं झाली तरी. त्या चलनावर माल परत कधी येणार, कुठल्या प्रक्रियेला चालला, नोंदवहीचा क्रमांक काय, हे सगळं असावं लागतं. शिवाय पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत शिरताना जकात नाक्यावर ते दाखवावं लागे. नव्या टेम्प्लेटमधून निघालेल्या कागदावर यातलं काहीच नव्हतं. टेम्प्लेट बनवणाऱ्यांच्या देशात जकात नाका नावाची गोष्टच नव्हती, त्यांना ती सुचणार कशी?

रकाना वाढवायला दहा मिनिटं लागली असती. ते काम आमच्यातल्या सर्वांत धाकट्या पोरालाही येत होतं. पण अधिकार नव्हता. तक्रार मुख्यालयाला गेली, तिला क्रमांक पडला, आणि बदलांना मंजुरी देणारी समिती बुधवारी बसते असं उत्तर आलं. टेम्पो गेटवर उभा. मावळचा पाऊस तुम्हाला ठाऊक असेल, तो सरीने पडत नाही, तो लागतो. वॉचमनने क्रेटवर ताडपत्री टाकली, वर दगड ठेवले. ड्रायव्हर केबिनमध्येच झोपला. मंगळवारी दुपारी स्टोअरच्या काकांनी कपाटातून जुनं कार्बनचं चलनबुक काढलं, हाताने चलन लिहिलं आणि टेम्पो सोडला.

ते चलनबुक पुढे सहा महिने चालू राहिलं. स्क्रीनवर एक साठा, वहीत दुसरा. वर्षअखेरच्या मोजणीला दोन्हींत जो फरक आला तो जुळवायला आम्ही सलग तीन रविवार बसलो. केंद्रीकरणाचं हे नुकसान कुठल्याही अहवालात दिसत नाही. माणसं गप्प बसतात आणि दुसरी वही उघडतात.

पुढे मुख्यालयातले एक गृहस्थ आले. कामाचे पक्के, बोलायला कमी. मी त्यांना मीटिंगच्या खोलीत नेलं नाही, गेटवर नेलं. पूर्ण पाळीभर ते वॉचमनच्या टपरीत उभे राहिले. प्रत्येक ड्रायव्हरच्या हातात कागद किती, ते मोजत होते. पाच, कधी सहा. परत गेल्यावर त्यांनी नियम बदलला: छापील कागदांचे नमुने प्रत्येक देशाने स्वतः बदलावेत, वस्तूंचे कोड, हिशेबाची खाती आणि पासवर्ड यांना मात्र कुणी हात लावायचा नाही. आमच्या चाळीस ई-मेलनी जे झालं नव्हतं ते त्या एका पाळीने झालं. त्यामुळेच पुढे जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मग ई-वे बिल आलं, तरी आमचा टेम्पो कधी थांबला नाही.

त्यांची कोडबद्दलची हट्टी भूमिकाही मला पटली, हे सांगायला हवं. आमच्याकडे पूर्वी एकाच बोल्टला तीन कोड होते. खरेदीचा एक, स्टोअरचा एक, आणि तिसरा कुणी घातला ते कुणालाच आठवत नव्हतं. स्थानिक स्वातंत्र्याच्या नावाखाली असला पसारा आम्ही पोसला होता.

आणि स्थानिक निर्णय किती महाग पडू शकतो, हे जून २०१७ ने दाखवलं. मावळ-चाकणच्या कारखान्यांचे कंटेनर द्रुतगती मार्गाने लोणावळ्यावरून बोरघाट उतरतात आणि न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरात जातात. २७ जूनला युक्रेनमधून नॉटपेट्या नावाचा व्हायरस सुटला, आणि तिथलं मर्स्क या जहाजवाहतूक समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. आमचाही माल अडकला. पुढे जे बाहेर आलं ते प्रत्येक आयटीवाल्याने लक्षात ठेवावं असं आहे. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी एक स्थानिक हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरतात. मर्स्कच्या ओडेसातल्या एका कचेरीत ते एका मशीनवर बसवलं होतं. गरज खरी होती, आमच्या चलनासारखीच. पण त्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून व्हायरस शिरला, आणि जगभरचं जाळं आतून मोकळं असल्यामुळे काही तासांत सगळीकडे पसरला. कंपनीला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले; नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचं. साऱ्या जाळ्याची किल्ली ज्यात असते अशा सर्व्हरची एकच धड प्रत उरली होती, ती घानात. तिथे वीज गेली होती म्हणून ती वाचली.

ओडेसाच्या त्या कचेरीला दोष देणं मला कधी जमलं नाही. कर भरायला तिला ते सॉफ्टवेअर हवंच होतं. चूक झाली ती त्या मशीनचं जाळं वेगळं न ठेवण्यात, आणि तो निर्णय मध्यवर्ती होता. त्या वर्षी आम्ही आमच्या मशीन चालवणारे संगणक कचेरीच्या जाळ्यापासून तोडले. तेव्हापासून मी एवढंच बघतो: बिघडलं तर कुठवर बिघडेल? आमच्या गेटपुरतं असेल तर निर्णय आमचा. जगभर पोचणार असेल तर वरच्यांचा.

हा पेच फक्त परदेशी कंपन्यांचा नाही. आमच्या वडगावच्या तहसील कचेरीत मी तोच पाहिला. सातबारा आधी तलाठ्याच्या हातातला. मग तालुक्याच्या कॉम्प्युटरवर चढला, आणि ई-फेरफार आल्यावर राज्याच्या सर्व्हरवर गेला. जमिनीला सोन्याचा भाव आलेल्या मावळात ते फार गरजेचं होतं. मागच्या तारखेची नोंद घालणं अवघड झालं. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. पण टायपिंगमध्ये एखाद्याच्या आजोबांचं नाव चुकलेलं असलं, तर ती चूक गावातल्या कुणालाही दिसे आणि ती दुरुस्त करायला कलम १५५ खाली अर्ज करून महिने जात. शासनाने २०१७ मध्ये चावडी वाचनाची मोहीम घेतली, गावकऱ्यांसमोर सातबारे मोठ्याने वाचले. मला ते फार मोलाचं वाटलं. नोंद राज्याच्या सर्व्हरवर, पण ती तपासणारे कान चावडीवर.

लांबचं आणि इथलं जुळवणं मावळात जमतं, याचं जुनं उदाहरणही आहे. इंद्रायणी तांदूळ १९८७ मध्ये वडगावच्या कृषी संशोधन केंद्रातून आला. त्याचा एक वंश फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा आयआर-८, दुसरा इथला आंबेमोहोर. उत्पादन तिकडचं, वास इकडचा.

आता शेजारच्या कारखान्याकडे पुन्हा येतो. जनरल मोटर्सने मे २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवत असल्याचं जाहीर केलं. तळेगावातून निर्यात चालू राहिली, आणि डिसेंबर २०२० मध्ये शेवटची गाडी निघाली. ग्रेट वॉल या चिनी कंपनीशी झालेला विक्रीचा करार मंजुरीअभावी २०२२ मध्ये संपला. हजाराहून जास्त कामगारांची घरं मधल्या मधे लटकली; त्यांतले कितीतरी संध्याकाळी मला स्टेशनवर भेटायचे. जानेवारी २०२४ मध्ये कारखाना ह्युंदाईकडे गेला आणि २०२५ च्या अखेरीस तिथून नवी व्हेन्यू बाहेर पडू लागली. मुख्यालय आता डेट्रॉइटऐवजी सोलला.

या पट्ट्यातल्या कारखान्यांत नव्याने लागलेली मुलं कधी कधी माझ्याकडे येतात. मी त्यांना विचारतो, रात्री तीन वाजता लेबल निघेना झालं तर पहिला फोन कुठे लागतो? बहुतेक जण एखाद्या दूरच्या हेल्पडेस्कचं नाव सांगतात. गेल्या दिवाळीत एकाने सांगितलं, "काका, आमच्याकडे लाइनवरच्या प्रिंटरचे हक्क शिफ्ट इंजिनिअरला दिलेत. आधी चालू करायचं, मग कळवायचं." मी त्याला बसवून घेतलं आणि हे हक्क कुणी, कसे मिळवले, ते सगळं लिहून घेतलं.