फवारालेपन, मोटारगाडीचे
मोटारगाडीच्या तळाच्या पोलादी पत्र्यावर डांबर, रबर वा मेण यांपासून बनविलेल्या द्रवाचा फवारा मारून गंजरोधक लेप देण्याची क्रिया. पाणी व ऑक्सिजन यांच्या संयोगाने लोखंड गंजते; लेप या दोहोंना धातूपासून दूर ठेवतो. पुसद (जि. यवतमाळ) परिसरातील काळ्या जमिनीचा चिकट चिखल पावसाळ्यात तळाला धरून राहतो व ओलावा टिकवितो, म्हणून लेपन पावसाळ्यापूर्वी करणे इष्ट असते.

घरी लेपन करताना तळ धुऊन पूर्ण सुकवितात, गंज तारेच्या ब्रशाने खरवडतात, उघड्या धातूवर अस्तर देतात व मग पातळ थर एकावर एक चढवितात. उन्हाळ्यात तापमान ४०° से. वर जाते, तापलेल्या पत्र्यावर विद्रावक झपाट्याने उडून लेप नीट बसत नाही. त्यामुळे सकाळची सावली सोयीची ठरते. ब्रेक व धूर बाहेर टाकणारी नळी झाकून घ्यावी लागते. निचऱ्याची छिद्रे बुजल्यास किंवा ओल्या गंजावरच लेप दिल्यास ओलावा कोंडला जाऊन झीज नजरेआड वाढत राहते. विद्रावकाची वाफ ज्वालाग्राही व अपायकारक असल्याने मोकळी हवा, श्वसनमुखवटा व चष्मा आवश्यक असतो. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे प्राणघातक ठरू शकते. भक्कम आधार द्यावा लागतो.