लाइम रोग आणि चाचणीचा विवेक

सन १८६७ च्या हिवतापाने मॉरिशस बेटावरील हजारो लोकांचा बळी घेतला. ऊसमळ्यांवर राबणारे मजूरही त्यातून सुटले नाहीत. पुढे सन १९०७-०८ मध्ये डॉ. रोनाल्ड रॉस बेटावर आले. मुलांच्या पोटावर हात ठेवून त्यांनी वाढलेली प्लीहा पाहिली आणि कोणत्या वस्तीत हिवताप किती मुरला आहे, याचा अदमास घेतला. आधी प्रश्न ठरवावा, मग त्यास साजेशी परीक्षा निवडावी, हाच त्यातील धडा होय.

त्या मजुरांची पणतवंडे आज विद्येसाठी व चरितार्थासाठी फ्रान्स, इंग्लंड, अमेरिका येथे जातात. तेथील रानात गवताच्या पात्यावर गोचीड दबा धरून बसलेला असतो आणि त्याच्या दंशाने लाइम रोग जडू शकतो. अशा वेळी वरील धडा पुन्हा उपयोगी पडतो.

लाइम हे अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील गाव. तेथील मुलांचे सांधे सुजू लागले, तेव्हा दोन मातांनी त्याचा पाठपुरावा केला. सन १९७५ मध्ये डॉ. ॲलन स्टीअर यांनी संशोधन आरंभिले. सन १९८२ मध्ये विली बर्गडॉर्फर यांनी गोचिडात मळसूत्राकार जंतू शोधून काढला.

दंशानंतर हळूहळू पसरत जाणारा तांबडा चट्टा उठला, तर जाणता डॉक्टर रक्तपरीक्षेवाचूनच औषध सुरू करतो. कारण रक्तात प्रतिपिंडे तयार होण्यास काही आठवडे लागतात. घाईने केलेली चाचणी रोग असूनही ‘नाही’ म्हणते. चट्टा नसेल आणि लक्षणे काही आठवड्यांची असतील, तर चाचणी दोन पायऱ्यांनी करतात. पहिली एलायझा; ती होकारार्थी वा संदिग्ध आली, तरच दुसरी, वेस्टर्न ब्लॉट. सन २०१९ पासून अमेरिकेत दुसऱ्या पायरीवर एलायझाच्याच जातीची निराळी चाचणीही मान्य झाली आहे. मेंदूच्या आवरणास दाह झाल्याची शंका असेल, तर पाठीच्या कण्यातील द्रव तपासतात. छातीत धडधड होऊन भोवळ येत असेल, तर हृदयाचा आलेख काढतात. शंका नसताना यांपैकी काहीच करावयाचे नसते.

खरा पेच उपचारानंतर उभा राहतो. औषध पूर्ण होऊनही कित्येकांचा थकवा व अंगदुखी काही महिने रेंगाळते. रुग्ण धास्तावून पुनःपुन्हा रक्त तपासू लागतो. परंतु प्रतिपिंडे बरे झाल्यावरही वर्षानुवर्षे राहू शकतात. त्यांवरून रोग उरला की गेला, हे कळत नाही. चुकीच्या होकाराने विनाकारण औषधे पोटात जातात आणि थकव्याचे दुसरे कारण झाकलेलेच राहते. रक्तक्षय, थायरॉइडचे विकार आणि मॉरिशसच्या घराघरांत परिचित असलेला मधुमेह यांची तपासणी अशा वेळी अधिक फलदायी ठरते.

‘अधिकस्य अधिकं फलम्’ हे वचन दानधर्मास शोभते, रक्तपरीक्षेस नव्हे. परदेशी असलेल्या मुलाने वा मुलीने डॉक्टरांसमोर बसताना रानात कधी व कोठे गेलो, चट्टा कधी दिसला, हे प्रथम सांगावे, आणि प्रत्येक चाचणीपूर्वी विनयाने एकच विचारावे: “हिच्या निकालाने उपचारात काय बदलेल?” काहीच बदलणार नसेल, तर ती चाचणी न करणे हाही सुज्ञ निर्णयच होय.