हवाना ते माहीम: ग्रॅमीच्या दोन कप्प्यांचा मागोवा

२ ते ४ फेब्रुवारी २०२४ या तीन दिवसांत अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात सत्त्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. १९५२ नंतर बहात्तर वर्षांनी बोरी नदीच्या काठी हा मांडव पुन्हा पडला होता. समारोप झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लॉस एंजेलिसहून बातमी आली: 'शक्ती' या वाद्यवृंदाच्या 'धिस मोमेंट' या अल्बमला ग्रॅमी, आणि झाकीर हुसेन यांना एकाच रात्रीत तीन. खानदेशात संमेलन म्हटलं की बोलीला मानाचं पान कुठे, हा प्रश्न निघतोच. ग्रॅमीत आपल्यासारख्यांची वाट कशी झाली हे पाहू गेलं, तर तिथेही मुळाशी हाच प्रश्न सापडतो.

ग्रॅमी पुरस्कार १९५९ पासून दिले जातात. सुरुवातीची बरीच वर्षं स्पॅनिशमध्ये गाणाऱ्यांना तिथे स्वतःची जागाच नव्हती. न्यूयॉर्कमध्ये प्वेर्तो रिको आणि क्यूबामधून आलेल्यांच्या मोठ्या वस्त्या होत्या, साल्साच्या तबकड्या खपत होत्या, नाचघरं भरत होती. पण पुरस्कार देणाऱ्यांच्या दप्तरी या गाण्याचं नाव नव्हतं. पियानोवादक लॅरी हार्लो आणि त्यांच्या सोबतच्या वादकांनी रेटा लावला, तेव्हा १९७६ मध्ये लॅटिन ध्वनिमुद्रणासाठी एक पुरस्कार सुरू झाला. पहिला मान एडी पाल्मिएरी यांना मिळाला. तरी तेवढ्यानं भागणारं नव्हतं. मेक्सिकोच्या सीमेवरचं गाणं, शहरी प्रेमगीतं आणि कॅरिबियन बेटांवरचा नाच, सगळं एकाच कप्प्यात कोंबलेलं होतं.

१९८४ मध्ये त्याचे तीन कप्पे झाले. लॅटिन पॉप, मेक्सिकन-अमेरिकन आणि ट्रॉपिकल. ट्रॉपिकल म्हणजे क्यूबा, प्वेर्तो रिको आणि डॉमिनिकन रिपब्लिकचं, पाय थिरकवणारं संगीत: सोन, साल्सा, मेरेंगे. या कप्प्याचा पहिला पुरस्कार तितो पुएन्ते यांना 'ऑन ब्रॉडवे'साठी मिळाला. त्यांचं वाद्य तिंबालेस. तालवादक मागे बसायचा, ही तिथली रीत; पुएन्ते यांनी वाद्य उचलून वृंदाच्या पुढे आणलं आणि उभं राहून वाजवलं. आपल्या वरातीत ताशेवाला पुढे असतो, त्याचं कुणाला नवल वाटत नाही. तिथे मात्र ही मोठीच गोष्ट होती.

या पुरस्काराच्या यादीतलं मला सगळ्यात जवळचं वाटणारं वर्ष १९९२ आहे. त्या वर्षी हुआन लुईस ग्वेरा यांच्या 'बचाता रोसा'ला ट्रॉपिकलचा मान मिळाला. बचाता हे डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या गरीब वस्त्यांचं, खेड्यातून शहरात पोट भरायला आलेल्यांचं गाणं. त्या देशातली प्रतिष्ठित माणसं त्याला दारूच्या गुत्त्यातलं म्हणून नाकं मुरडत. ग्वेरा शिकलेले, बॉस्टनच्या बर्कली महाविद्यालयातून संगीत घेऊन आलेले. त्यांनी या गाण्याला हात घातला आणि ज्यांच्या घरात बचाता लावायला लाज वाटत होती तिथेही ते वाजू लागलं. एखाद्या पुरस्काराचं याहून मोठं काम मला माहीत नाही.

त्याच रात्री, त्याच समारंभात, ग्रॅमीनं आणखी एक नवा कप्पा उघडला: जागतिक संगीत. पहिला मानकरी ड्रमवादक मिकी हार्ट यांचा 'प्लॅनेट ड्रम'. पुरस्कार हार्ट यांच्या नावावर असला, तरी त्या तबकडीवर वाजवलं कुणी, ते बघा. माहीमचे झाकीर हुसेन तबल्यावर, चेन्नईचे विक्कू विनायकराम घटमवर, नायजेरियाचे बाबातुंडे ओलातुंजी आणि सिकिरु अडेपोजू, आणि कोंगावर प्वेर्तो रिकोचे जोव्हानी हिदाल्गो. कागदावर ट्रॉपिकल आणि जागतिक असे दोन कप्पे पडले होते, पण हातांना ते माहीत नव्हतं.

तरी त्या दोन कप्प्यांमधला फरक मला अन्यायाचा वाटतो. लॅटिन संगीताला बारीक बारीक विभाग मिळाले, कारण अमेरिकेत ते विकत घेणारे, त्यासाठी भांडणारे आणि मत देणारे लोक होते. उरलेल्या जगाला, म्हणजे भारत, आफ्रिका, आयर्लंड, बल्गेरिया अशा सगळ्यांना मिळून बरीच वर्षं एकच दार होतं. २०१३ मध्ये पंडित रविशंकर यांना मरणोत्तर पुरस्कार मिळाला, तेव्हा त्याच कप्प्यात त्यांच्या समोर नामांकनात त्यांची मुलगी अनुष्का होती. बाप आणि लेक एकाच रांगेत, शेजारी माली आणि दक्षिण आफ्रिका.

या दोन्ही कप्प्यांना एका माणसाच्या प्रवासानं जोडलं आहे. राय कूडर हा कॅलिफोर्नियाचा गिटारवादक. मोहनवीणेचे विश्वमोहन भट्ट आणि तो यांची सांता बार्बरात भेट झाली आणि फारशी तालीम न करता त्यांनी एका चर्चमध्ये वाजवलं. त्या 'अ मीटिंग बाय द रिव्हर'ला १९९४ मध्ये जागतिक संगीताचा पुरस्कार मिळाला. दोन वर्षांनी हाच कूडर हवानाला गेला. मालीचे वादक आणि क्यूबाचे वादक एकत्र आणायचे, असा मूळ बेत होता. मालीची मंडळी पोचलीच नाहीत. मग तिथल्याच म्हाताऱ्या, विस्मृतीत गेलेल्या कलाकारांना बोलावलं गेलं. कंपाय सेगुंदो नव्वदीला टेकलेले होते. इब्राहिम फेरेर गाणं सोडून बूट पॉलिश करत होते. त्यातून 'बुएना व्हिस्टा सोशल क्लब' झाला आणि १९९८ मध्ये त्याला ट्रॉपिकलचा ग्रॅमी मिळाला. ज्या माणसानं गाणं टाकून दिलं होतं, त्याला जगानं परत गायला लावलं, हे वाचताना आजही माझा गळा दाटतो.

पुढच्या वर्षांत साल्सा आणि मेरेंगे वेगळे काढले, पुन्हा एकत्र आणले, २००७ पासून ट्रॉपिकल हे नाव परतलं. २०११ मध्ये ग्रॅमीनं एकूण विभाग १०९ वरून ७८ वर आणले. त्यात लॅटिन जॅझचा बळी गेला. वादक रस्त्यावर उतरले, कोर्टात गेले, आणि तो विभाग वर्षभरात परत मिळवला. जागतिक संगीताचं नाव २०२० मध्ये बदललं, कारण जुन्या नावाला वसाहतवादाचा वास येत होता.

मग २०२४ ची ती रात्र. 'शक्ती'त गाणारे शंकर महादेवन चेंबूरला वाढले आणि श्रीनिवास खळे यांच्याकडे शिकले. ज्या खळेकाकांच्या चाली आपण रेडिओवर ऐकत आलो, त्यांची तालीम त्या मंचावर पोचली होती. तालवाद्यं सांभाळत होते विक्कू विनायकराम यांचे चिरंजीव सेल्वागणेश. 'प्लॅनेट ड्रम'नंतर बत्तीस वर्षांनी त्याच घराण्याचा हात त्याच कप्प्यात. झाकीरभाई त्याच वर्षी १५ डिसेंबरला गेले.

आता आमच्याकडचं. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही वेगळी भाषा म्हणून मोजली गेली आणि बोलणाऱ्यांचा आकडा अठरा लाखांवर गेला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावरची गाणी, श्रावणात कानबाईची, शिवाय भुलाबाईची, वही गायन, सातपुड्यातल्या पाड्यांवरची पावरी, एवढं सगळं या पट्ट्यात नांदतं. आणि 'बबल्या इकस केसावर फुगे' हे खानदेशातल्या अहिराणी बोलीतलं गाणं पुण्या-मुंबईच्या वरातीतही वाजलं. पण आमचीच सुशिक्षित माणसं अशा गाण्याला अजून डीजेचा धिंगाणा म्हणतात. डॉमिनिकन रिपब्लिकनं बचाताबद्दल हेच म्हटलं होतं.

खानदेशी संगीताचा एक पुरस्कार अमळनेरनं सुरू करावा, असं मला मनापासून वाटतं. एकच नको. कानबाई आणि आखाजीच्या बायांच्या गाण्याचा वेगळा, वहीचा वेगळा, पावरीचा वेगळा, आणि लग्नातल्या नव्या अहिराणी गाण्याचा वेगळा. परीक्षकांत प्राध्यापक असोत, पण निम्म्या खुर्च्या बँडवाल्यांच्या, पावरी वाजवणाऱ्यांच्या आणि कानबाई बसवणाऱ्या बायांच्या असाव्यात.