नवतपातल्या कुंड्या

पहाटे ५
वर्ध्यात नवतपा म्हणजे २५ मेच्या आसपास सूर्य रोहिणीत गेल्यावरचे नऊ दिवस. पारा ४५ च्या पुढे. झाडांना पाणी द्यायची खरी वेळ हीच. रात्रभरात माती आणि गच्चीची फरशी त्यातल्या त्यात निवलेली असते. आधी बोट दोन पेरं मातीत खुपसायचं. ओल लागली तर त्या कुंडीला पाणी नाही. कोरफड आणि स्नेक प्लांटला तर आठवडाभर विचारलं नाही तरी चालतं. मोगरा, तुळस आणि कढीपत्त्याला मात्र रोज पाणी लागतं.

६
आपल्याकडे कुंडीत शेतातली काळी माती भरायची सवय. ही माती वाळली की आकसते आणि कुंडीच्या काठापासून सुटते. वरून तांब्याभर पाणी ओतलं की ते त्या फटीतून सरळ खाली उतरतं, बुडाच्या भोकातून वाहून जातं, आणि मधला गोळा कोरडाच राहतो. आपल्याला वाटतं, पोटभर पाणी दिलं! मी अशी कुंडी उचलून पाण्यानं भरलेल्या घमेल्यात ठेवते. बुडबुडे थांबेपर्यंत. मग फट मातीनं बुजवून वर सोयाबीनच्या कुटाराचा चार बोटं थर देते. जिल्ह्यात कुटाराला तोटा नाही, आणि बाजारातल्या कोकोपीटपेक्षा ते मला बरं वाटतं.

७
पानं उलटून पाहायची. कोरड्या उन्हात लाल कोळी फार माजतो. पानावर बारीक पिवळे ठिपके, खाली जाळी. पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूनं मारायचा. औषधाची गरज सहसा पडत नाही.

९
हिरवी नेट ओढून घ्यायची. कुंड्या एकमेकींना खेटून, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, विटांवर. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्यांना ओला बारदाना गुंडाळायचा, कारण ऊन पानांआधी मुळांना भाजतं. सेवाग्रामला गांधीजींनी १९३६ मध्ये लावलेला पिंपळ आहे. त्याची मुळं खोल जाऊन ओल शोधतात. कुंडीतल्या झाडाला बादलीभर मातीपलीकडे जागाच नाही.

दुपारी १२ ते ४
काही करायचं नाही. सगळ्यांत अवघड काम हेच.

दोनच्या सुमारास शेजारची पोरगी धावत येते. "काकू, जास्वंदीनं तं मान टाकली! पानी घालू का?"

"नको घालू. संध्याकाळी पाह्य."

मुळं जेवढं पाणी ओढतात त्याहून जास्त पानांतून उडतं, म्हणून पानं लोंबतात. माती ओली असताना वरून आणखी ओतलं की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. उन्हाळ्यात कुंड्या तहानेनं जातात तशाच मायेनंही जातात.

घरातल्या मनीप्लँटला कूलरची दमट हवा मानवते, पण थेट झोतात ठेवू नये. पानांच्या कडा फाटतात. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी मात्र झाडांना घालू नका. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. जाळीवर धरलेला पांढरा थर पाहिला की कळतं. एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्यात क्षार नसतात. ते बादलीत धरा.

संध्याकाळी ६:३०
जास्वंद उभी राहिली. ज्या झाडाची पानं अजून लोंबलेली आहेत, तेच खरं तहानलेलं. त्याला आत्ता पाणी. तव्यासारख्या गच्चीवर मात्र पाणी शिंपायला थोडं थांबावं, नाहीतर वाफच उठते.

रात्री ९
कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या करायच्या. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, आणि तो उन्हाळा-पावसाळा पाहत बसत नाही.

खत, छाटणी, कुंडी बदलणं, यातलं काहीही या दिवसांत करू नका, नर्सरीत कितीही सुंदर रोप दिसलं तरी आणू नका. जूनच्या मध्यावर पाऊस धरला की हे सगळं करायला भरपूर वेळ आहे.