कपाळाच्या कातडीचं नाक

कावसजी हा इंग्रजी फौजेबरोबरचा बैल हाकणारा. १७९२ च्या युद्धात तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला, आणि त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळ त्याला नवं नाक मिळालं. आणि ते केलं कोणी? विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने!

त्याने नाकाच्या खुंटावर मेणाचा पातळ पत्रा बसवून आकार घेतला, तो सपाट करून कपाळावर ठेवला आणि शिंप्याने कापड बेतावं तशी कडेने रेघ आखली. तेवढी कातडी सोलली. पण दोन भुवयांमधली चिंचोळी पट्टी मात्र जोडलेलीच ठेवली. सगळी करामत या पट्टीत आहे. कातडी पुरती सुटी झाली असती, तर रक्तावाचून मेली असती. पट्टीतून कपाळाचं रक्त तिला मिळत राहिलं. मग तिला अर्धा पीळ देऊन खाली वळवलं, म्हणजे बाहेरची बाजू बाहेरच राहते, आणि खुंटाभोवती चिरलेल्या खाचेत कडा बसवल्या. त्या धरून ठेवायला काय, तर आपण विड्यात घालतो तो कात, पाण्यात कालवून फडक्याच्या पट्ट्यांवर! चार दिवस हात लावायचा नाही. नंतर तुपात भिजवलेली फडकी. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कातडीला नव्या जागेतून रक्त मिळू लागलं की पट्टी कापायची. क्लोरोफॉर्म यायला अजून पन्नास वर्षं होती; कावसजीने हे सगळं कसं सोसलं असेल, कोण जाणे.

नाक जोडण्याची कृती सुश्रुतसंहितेत आहे, पण तिथली कातडी सहसा गालाची समजली जाते. म्हणून मला वाटतं, या माणसाची विद्या पोथीतली कमी आणि हाताखाली शिकलेली जास्त असावी.

मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये तिचं वर्णन चित्रासह छापून आलं. जोसेफ कार्प्यू या सर्जनने आधी प्रेतांवर हात बसवला, १८१४ मध्ये लंडनमध्ये नाक करून दाखवलं आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. कावसजीचं नाव छापलं गेलं, डॉक्टरांचीही छापली गेली. ज्याने नाक केलं त्याचं नाव विचारून लिहून घ्यावं, असं कुणाला वाटलं नाही, आणि हे मला अक्षम्य वाटतं.

कर्करोगाने नाक गेलेल्या रुग्णांसाठी प्लॅस्टिक सर्जन आजही कपाळाचीच कातडी वळवतात, आणि ती पट्टी साधारण तीन आठवड्यांनी कापतात.