खरखरीच्या तळाशीं दडलेला निरोप

चंद्राच्या दिशेनें सोडलेली बिनतारी लहर त्याच्या पृष्ठावर आपटून पृथ्वीवर परत येण्यास सुमारें अडीच सेकंद लागतात. १९४६ च्या जानेवारींत अमेरिकन सैन्याच्या संदेशवहन-दलानें न्यू जर्सी येथें असा प्रतिध्वनि टिपला, तेव्हां त्यामागें सरकारी खजिन्याचें बळ होतें. आज तोच खटाटोप एखादा हौशी गृहस्थ आपल्या परसांत एरियल उभारून करतो. परत आलेली लहर इतकी क्षीण असते कीं त्याच्या कानीं बहुधा कांहींच येत नाहीं. पत्र्यावर संततधार पडावी तशी खरखर तेवढी चालू असते; आणि तरीही समोरच्या संगणकाच्या पडद्यावर दूरदेशच्या स्थानकाचें नांव उमटतें. मग हा निरोप खरोखर ऐकला गेला, कीं यंत्रानें तो तर्कानें जुळविला?

या विद्येचे प्रवर्तक जोसेफ टेलर हे अमेरिकन पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ. १९७४ सालीं त्यांनीं रसेल हल्स या आपल्या विद्यार्थ्यासह दुसऱ्या ताऱ्याभोंवतीं फिरणारा एक पल्सार शोधून काढला, व त्याबद्दल दोघांस १९९३ चें नोबेल पारितोषिक मिळालें. पल्सारचे ठोके अतिशय क्षीण असतात. पण ते ठराविक अंतरानें पडत असल्यामुळें शेंकडों ठोके एकमेकांवर रचले म्हणजे खरखर मागें पडते आणि ठोका वर येतो. हौशी बिनतारीचा नाद टेलर यांस तरुणपणापासूनच होता. २००१ मध्यें त्यांनीं क्षीण संकेतांसाठीं आपला पहिला संगणक-कार्यक्रम प्रसिद्ध केला. चंद्रावरून परतणाऱ्या लहरींसाठीं २००३ मध्यें जे. टी. ६५ ही पद्धति आली, आणि २०१७ मध्यें स्टीव्ह फ्रँके यांच्या सहकार्यानें एफ. टी. ८. पृथ्वीवरच दूरदूर संपर्क साधणाऱ्या मंडळींत ही शेवटची पद्धति अतिशय रूढ आहे, आणि यंत्राची करामत समजून घेण्यास तीच सोयीची.

तींत घड्याळ हेंच मुख्य. प्रत्येक पाळी पंधरा सेकंदांची; दोन्हीं ठिकाणचीं घड्याळें जुळलेलीं हवींत. त्या अवधींत ७९ सूर एकामागून एक सोडले जातात, प्रत्येक ०.१६ सेकंद टिकणारा. सुरांच्या पट्ट्या आठच, आणि शेजारच्या दोन पट्ट्यांत अंतर अवघें सव्वासहा कंपनांचें. ७९ पैकीं २१ सुरांत निरोप नसतोच. त्यांचा क्रम आधींच ठरलेला असतो व त्यावरून घेणारें यंत्र आपली जागा शोधतें. उरलेल्या ५८ सुरांत मूळ निरोप असतो ७७ बिटांचा. बाकीची सगळी भर राखणीसाठीं. जुन्या हुंडींत रक्कम आंकड्यांत लिहीत, अक्षरांत लिहीत, आणि शिवाय तिच्या निम्म्याची दुप्पट म्हणूनही लिहीत. एक जागा पुसली तरी दुसरीवरून ती सांवरतां येई. येथेंही तीच काळजी, मात्र गणित पुष्कळ खोल.

सत्त्याहत्तर बिटांत मावतें तरी काय? दोघांचीं संकेत-नांवें, प्रत्येकीं २८ बिटांत. स्थळ किंवा संकेताचें बळ, १५ बिटांत. स्थळ म्हणजे नकाशावरील एक चौकट: पुणें आणि मुंबईचा फोर्ट विभाग एकाच चौकटींत पडतात, दादर मात्र शेजारच्या! स्वतःचे शब्द लिहावयाचे तर तेरा अक्षरांची मुभा. आपल्याकडे २०१३ मध्यें बंद झालेल्या तारसेवेंत शुभेच्छांचीं वाक्यें छापील यादींत असत. तारेवरून जाई तो क्रमांक, आणि हातीं पडे तें सबंध वाक्य. थोडें बोलावयाचें आणि तेंही ठरलेलें, म्हणूनच तें इतक्या दूर पोंचतें.

‘खरखरीच्याही खालचा संकेत’ असें या पद्धतीचें वर्णन वारंवार केलें जातें. तें खोटें नव्हे, पण हिशेब पाहून घ्यावा. उणें वीस डेसिबेल म्हणजे संकेत खरखरीच्या एकशतांश. पण ही खरखर मोजलेली असते २५०० कंपनांच्या रुंद पट्ट्यांत. एका सुराला लागणारी जागा त्याच्या चारशेंव्या हिश्शाएवढी, म्हणून तिच्या वांट्याला खरखरही तितकीच येते. त्या अरुंद गल्लींत संकेत खरखरीच्या चौपट भरतो. मोर्स ऐकणारा कसलेला कानही अशीच गल्ली निवडतो. यंत्राची गल्ली अधिक अरुंद, आणि त्याला कंटाळा येत नाहीं.

खरा वाद याच्या पुढचा आहे. जे. टी. ६५ मध्यें अशी एक सोय होती कीं निरोप नुसता उकलेना, तर यंत्रानें आपल्याजवळच्या यादींतलीं संकेत-नांवें एकेक करून त्याशीं ताडून पाहावीं. कांहीं जुन्या जाणत्यांनीं आक्षेप घेतला कीं हें ऐकणें नव्हे, अनुमान आहे. आक्षेप पोकळ म्हणतां येत नाहीं. एफ. टी. ८ मध्येंही अमक्यानें हांक मारली असेल तर उत्तराच्या आरंभीं त्याचेंच नांव असणार, असें गृहीत धरून उकल होऊं शकते. पण माणूसही तेंच करतो. ओळखीचा आवाज गर्दींत लवकर कळतो. फरक इतकाच कीं यंत्रानें काय गृहीत धरलें तें त्यानें सांगितलें पाहिजे, आणि हा कार्यक्रम अशा उकलीपुढें तशी खूण करतो. शिवाय संपर्क पुरा मानण्यास नुसतीं नांवें पुरत नाहींत. संकेताचें बळ दर्शविणारा आंकडा परस्परांस कळवावा लागतो व तो मिळाल्याची पोंच यावी लागते. नांव आधीं ठाऊक असूं शकतें, हा आंकडा नाहीं. खरी कसोटी तीच.

प्रत्येक निरोपासोबत १४ बिटांची एक पडताळणीही असते. निव्वळ खरखर या चाळणींतून सुटण्याचा संभव १६,३८४ मध्यें एक. एरवीं तो नगण्य; परंतु यंत्र एका पाळींत असंख्य जुळण्या करून पाहतें, त्यामुळें क्वचित् कोणीही न पाठविलेला निरोप पडद्यावर झळकतो: संकेत-नांव एका खंडाचें, आणि चौकट भर समुद्रांतली. मुरलेला हौशी अशा वेळीं वहींत नोंद करीत नाहीं. पुढचे पंधरा सेकंद जाऊं देतो.